पाहुण्यांसाठी घेतलेलं पाणी

हौसा बांधावर चढली आणि तिनं आधी शेताकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग परत शेताकडे. शेत नव्हतं. नवरा होता.

काल सकाळपर्यंत जिथे भाताची वाळकी खुटं आणि त्यांत तोंड घालणारी शेजारच्या जमालची वासरं होती, तिथे आता गुडघाभर पाणी पसरलं होतं. पाण्यात आभाळ होतं. आभाळात एक बगळा एका पायावर उभा होता आणि थोड्या अंतरावर हैबतराव दोन पायांवर. दोघंही एकाच आशेनं खाली बघत होते.

"अवो, ह्ये काय केलंत?"

"पानी घेतला," हैबतराव मान वर न करता म्हणाले.

"कशाला?"

"जिताड्याला."

"आज?"

"सायब आज येनार, मंग जिताडा काय दसऱ्याला धरू?"

हौसा बांधावरच बसली. बोलण्यासारखं काही सुचत नसेल तर बसून घ्यावं, एवढं ती या घरात शिकली होती.

खरं तर हैबतरावांचं काही चुकलं असं खाडीकाठच्या खारजमिनीतला कुठलाही माणूस म्हणाला नसता. व्याही आला, जावई आला, साहेब आला, तर त्याच्या ताटात खाडीतला जिताडा मासा पडला पाहिजे, आणि तोही आपल्या शेतातला. भात कापून झालं की उधाणाच्या भरतीला उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या दाराच्या, फळ्या काढायच्या, खाडी शेतात घ्यायची, फळ्या परत बसवायच्या, आणि ओहोटीला पाणी सोडताना तोंडाशी जाळं लावायचं. खाडी आली तशी जाते, मासळी राहते. जमिनीत मुरलेला खार पावसाळ्यात धुऊन निघतो. हैबतरावांच्या आज्यानं हेच केलं, बापानं हेच केलं. फरक एवढाच, की त्यांच्याकडे येणारा साहेब शेतात पाणी आहे का हे बघायला येत नसे.

हा साहेब त्याचसाठी येणार होता.

खाडीकाठच्या सगळ्या पट्ट्याचा नवा विकास आराखडा निघाला होता. त्याला कर्ज परदेशातली एक बँक देणार होती, आणि बँकेची अट होती की खाड्या आणि पाणथळ जागा उरल्यात तेवढ्या राखायच्या. अट चांगली होती. हैबतरावांना विचारलं असतं तर त्यांनीही मान डोलावली असती. पण बँकेनं हैबतरावांना न विचारता उपग्रहाला विचारलं. उपग्रहानं फोटो काढला तो नेमका त्यांच्या बहिणीच्या, मालूच्या, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, वऱ्हाडाच्या मासळीसाठी शेतात खाडी घेतली होती तेव्हा. फोटो काढण्याआधी खालच्या माणसांना सांगायची पद्धत वर नसावी. नकाशात शेत निळं झालं. निळं म्हणजे नैसर्गिक पाणथळ, कायमचं राखीव. त्यात पेरायचं नाही, घर बांधायचं नाही, विकायचं नाही. आणि बांधाला माती घालायची नाही.

हे शेवटचं कलम शेजारच्या जमालनं मराठी करून सांगितलं, तेव्हा हैबतरावांनी ते परत एकदा वाचायला लावलं होतं. मग म्हणाले होते, "मंग दोन पावसांत बांध फुटंल, खाडी आत येईल, आनि नकाशा खरा होईल." नकाशा चुकू शकतो हे त्यांना मान्य होतं. चुकलेल्या नकाशानं जमिनीलाच आपल्यासारखं करून घ्यावं, हे मान्य नव्हतं.

म्हणून हरकत. हरकत म्हणून पाहणी. पाहणी म्हणून साहेब. साहेब म्हणून जिताडा. जिताडा म्हणून पाणी. एकेक पायरी बरोबरच होती.

"मंग सोडून द्या की पानी," हौसा म्हणाली.

"फळ्या अडकल्यात. काल सांजच्याला सोडनार होतो. फुगल्या. आतनं पान्याचा दाब. एकट्याला नाय निघत."

"जमालभायना हाक मारायची."

हैबतरावांनी बगळ्याकडे बघितलं. बगळ्याचंही म्हणणं काही नव्हतं.

हौसाला कळलं. उघाडीच्या फळ्या दोघांनी ओढायच्या असतात, एकानं या अंगानं, दुसऱ्यानं त्या अंगानं, दोन दोऱ्या एका दमात. मिसरूड फुटल्यापासून दुसऱ्या दोरीवर महिपती होता, हैबतरावांचा धाकटा भाऊ. दोघांचं बिनसल्यापासून हैबतराव फळ्या फुगायच्या आत एकटेच कशाबशा काढत आले होते. त्याच्या जागी जमालला बोलावणं म्हणजे महिपती आता नाही हे गावासमोर कबूल करणं. आणि महिपतीला बोलावणं म्हणजे तो हवा आहे हे महिपतीसमोर कबूल करणं. या दोन कबुल्यांच्या मधे शेत रात्रभर बुडून होतं.

"अवो, पहाटं तरी ओहोटी होती!"

"पहाटं मी इचार करत होतो."

"आनि आता?"

"आता भरती चढत्ये. भायेरचा पानी आतल्याच्या वर. आता फळी काढली तर आनखी आत येईल. तिसऱ्या प्रहराशिवाय काय नाय."

साहेब सकाळीच येणार होते.

*

महिपती रोह्याशेजारच्या अष्टमीहून निघाला तेव्हा आपण फक्त भावासाठी, म्हणजे जमिनीच्या भावासाठी जातोय, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं. नोकरीभर तो रोह्याजवळच्या कंपनीत शिफ्ट करत राहिला, रिटायर झाला, आणि तीन वर्षांपूर्वी आपला हिस्सा विकायचा म्हणून गावी आला. हैबतराव म्हणाले, "माझ्या जित्तेपनी नाय." तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. निळी जमीन कुणी विकत घेत नाही, म्हणून आज तो आला होता. हातातल्या पिशवीत रोह्याच्या बाजारातला जिताडा होता, तोही फक्त जमिनीच्या भावासाठी.

बांधावर येऊन त्यानं पाण्याकडे बघितलं. हैबतराव त्याच्यापासून दोन हातांवर उभे होते.

"वैनी," महिपती म्हणाला, "दादाला इचार, त्याला येड लागलाय का?"

हौसानं नवऱ्याकडे बघितलं.

"त्याला सांग, लागलाय," हैबतराव म्हणाले.

"लागलाय म्हनतात," हौसा म्हणाली. तीन वर्षांत ती या कामात इतकी तयार झाली होती की आता ती चढ-उतारही तसेच ठेवायची.

"इचार, मला फोन का नाय केला?"

"त्याला सांग, मला त्याचा नंबर पाठ नाय."

"त्याला सांग, नंबर मोबाइलमध्ये असतो!"

"त्यांचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये हाय," हौसा हैबतरावांना म्हणाली. मग दोघांना मिळून म्हणाली, "आनि तुमी दोघं जावा खड्ड्यात."

हे मात्र तिचं स्वतःचं होतं.

तेवढ्यात पेणहून मालूची रिक्षा आली. मालू दोघांच्या मधली बहीण. पेणमध्ये तिचा पापडांचा धंदा होता आणि दहा बायका तिच्या हाताखाली लाटायला होत्या, त्यामुळे तिला हळू बोलायची सवय राहिली नव्हती. तिच्या एका हातात पापडांचा डबा होता आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, शेपूट बाहेर आलेलं काहीतरी.

"जिताडा आणलाय," ती म्हणाली. "म्हटलं दादाला नाही मिळाला तर..." आणि तिला पाणी दिसलं. "दादा! पाहणी आज आहे ना?"

"म्हनून तर," हैबतराव म्हणाले.

"हरकत तुम्ही दोघा भावांनी घेतलीत. माझं नाव घालायचं राहून गेलं म्हणालात. मी म्हटलं, ठीक आहे, माणूस विसरतो. पण शेत कोरडं ठेवायचंय हेसुद्धा विसरलात?"

"मालूताय, आत या, च्या घ्या," हौसा म्हणाली.

पाठोपाठ जमाल आला. तो बरीच वर्षं मस्कतला होता, आता बापाचं शेत करायचा. त्याचं खाचर बांधाला लागूनच होतं आणि नकाशात तेही निळं होतं, वास्तविक त्यानं त्या वर्षी पाणी घेतलंच नव्हतं. पण उपग्रहाच्या ब्रशला मधला बांध दिसला नसावा. जमालच्या हातात बायकोनं दिलेलं झाकलेलं पातेलं होतं.

"साबिरानं पाठवलाय," तो म्हणाला. "जिताडा. पाव्हनं येनार म्हनून."

ज्याच्यासाठी शेत बुडवलं तो मासा आता स्वयंपाकघरात तीन ठिकाणी होता. शेतात तो अजून कुणाला दिसला नव्हता.

*

ओटीवर बैठक बसली. साहेबांना काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

"पाइप फुटला म्हनायचं," महिपती म्हणाला. "कंपनीत आमी सगळ्याला तेच सांगायचो."

"काय म्हनू नये," जमाल म्हणाला. "गोरा मानूस विचारील तेवढंच. मस्कतला मी नऊ वर्षं असंच काढलं."

"खरं सांगायचं," मालू म्हणाली. "पाणी आम्हीच घेतलं, आम्हीच सोडणार. संपलं."

"तसं नाय सांगता येनार," हैबतराव म्हणाले.

"का?"

"पाव्हन्याला तोंडावर सांगू, का बाबा, तुला जेवू घालायला आमी शेत बुडवला? त्याच्या घशाखाली घास उतरंल? आज्याच्या वेळेपासनं या घरात कोनाला कळू दिला नाय, ताटातल्यासाठी काय करावा लागला."

"वैनी, दादाला सांग, ह्ये बराबर हाय," महिपती म्हणाला.

हरकतीच्या कागदाबाहेर तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघे भाऊ एका बाजूला आले होते, आणि बाजू ही होती. मालूनं हौसाकडे बघितलं. हौसानं कधी नणंदेची बाजू घेतली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा मालूनं तिच्या भाकऱ्यांना गाडीची चाकं म्हटलं होतं, ते तिनं अजून मोडीत काढलं नव्हतं. पण गेले पंधरा दिवस नवरा ताटावर बसून जेवत नव्हता, घास हातात धरून निळ्या रंगाबद्दल बोलत होता. शेत गेलं तर हा माणूस काय करील, हे तिला समोर दिसत होतं. तो रोज सकाळी उठून बांधावर येईल आणि बगळ्याशेजारी उभा राहील.

बाहेर जीप वाजली.

*

नगररचना खात्याचे टिपणीस साहेब बारीक, नीटनेटके आणि शंकेखोर होते. त्यांच्यामागून उंच, पिकल्या केसांच्या बाई उतरल्या. त्यांचं नाव आनेके. त्या हॉलंडच्या होत्या आणि पाणथळ जागा पाहत जगभर हिंडत होत्या. बांधावर चढल्याबरोबर त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हनते?" हैबतरावांनी विचारलं.

"फार सुंदर म्हनते," जमालनं सांगितलं.

"थँक्यू," हैबतराव म्हणाले, आणि मग त्यांना कळलं की आपण कशाबद्दल आभार मानले.

टिपणीसांनी नकाशा उलगडला. निळ्या रंगाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, परत निळ्या रंगाकडे बघितलं. समाधान झालेल्या माणसासारखे ते म्हणाले, "तुमच्या हरकतीत भातशेती लिहिलंय."

"व्हय."

"इथे पाणी आहे."

"पाइप फुटलाय," महिपती म्हणाला.

"कुठला पाइप?"

"सरकारी."

"इथून सरकारी पाइप जात नाही."

"म्हनून तर कोन दुरुस्त करत नाय."

टिपणीसांनी त्याच्याकडे नीट बघितलं. महिपतीनंही त्यांच्याकडे तितक्याच नीट बघितलं. कंपनीत असे प्रसंग शिफ्ट संपली की संपायचे. इथे शिफ्ट नव्हती.

"हे बघा," टिपणीस म्हणाले, "मी दिसतं ते लिहितो. कोरडं दिसलं तर कोरडं, पाणी दिसलं तर पाणी. सोमवारी सगळा आराखडा कायम होतोय. यानंतर पाहणी नाही." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

हौसा त्या टोपणाकडे बघत होती. ते त्यांनी पेनाच्या मागं लावलं, फाइल गुडघ्यावर टेकवली. एवढ्याशा कामाला किती थोडा वेळ लागतो, हे तिच्या लक्षात आलं.

"सायब, नका लिवू," ती म्हणाली. "पानी तुमच्यासाठी घेतलाय."

"हौसा!" हैबतराव म्हणाले.

"आमच्यासाठी?" टिपणीस म्हणाले.

"जिताडा जेवू घालायचा म्हनून. खाडी आत घ्यायची, मासा धरायचा, पानी सोडायचा. काल सोडायचा तो ऱ्हायला, यांचं दोघांचं भांडान म्हनून. दर सालाला घेतो. तुमचा वरचा फोटो निघाला तवाबी लग्नासाठी घेतला होता. आमची भाताची जमीन हाय ती. पाव्हनं आलं का मातुर ती खाडी होते."

जमालनं हे सगळं इंग्रजीत केलं. भांडणाचं करताना तो जरा अडखळला. आनेकेबाईंनी दुर्बीण खाली घेतली आणि एकच वाक्य बोलल्या. जमाल पायाचा चिखल झटकायला लागला.

"काय म्हनते?" हैबतरावांनी विचारलं.

"ती मासे खात नाय."

शेत जाईल हे हैबतरावांनी गेल्या पंधरा दिवसांत मनाशी चार वेळा सोसून बघितलं होतं. हे सोसायची त्यांची तयारी नव्हती. ते खाली बसले.

बाई मात्र बसल्या नाहीत. त्या उघाडीपाशी गेल्या, वाकून फळ्या बघितल्या, बाहेरची चढती खाडी बघितली, आतलं स्थिर पाणी बघितलं. मग टिपणीसांशी बराच वेळ बोलल्या. टिपणीस आधी नाही म्हणत होते, मग बरं म्हणत होते, मग घड्याळ बघत होते.

"असं आहे," शेवटी ते म्हणाले. "खाडी आपली आपण येत-जात असेल तर ती नैसर्गिक. माणूस दार उघडून घेत असेल आणि खाली भाताचं खाचर असेल तर नाही. खाचरं नियमातच वगळलेली आहेत. बाईंचं म्हणणं, पाणी बाहेर काढून दाखवा. जाताना दिसलं पाहिजे, आणि खाली भात दिसलं पाहिजे."

"तिसऱ्या प्रहरी," हैबतराव बसल्या जागेवरून म्हणाले.

"नाहीतर?"

"नायतर भरतीला जाऊन सांगा, सायबाला घाई हाय म्हनून."

टिपणीसांनी टोपण परत पेनाला लावलं. "जेवायला काय आहे?" त्यांनी विचारलं.

जिताडा होता. तीन होते.

*

आनेकेबाई वालाचं बिरडं आणि मालूचे पापड जेवल्या. पापड त्यांनी सहा खाल्ले. मालूनं ते मोजले नाहीत, पण तिची नजर त्यांच्या डिशवरून हललीही नाही. टिपणीसांनी तिन्ही जिताडे चाखून बघितले आणि साबिराच्या कालवणाला झुकतं माप दिलं. त्यावरून हौसानं त्यांना दुसऱ्यांदा भात विचारला नाही.

"यांच्या देशात चौथाई जमीन समुद्राच्या खाली हाय," जमालनं माहिती पुरवली. "सगळा बांध घालून राखलेला."

हौसाला बाईंबद्दल एकदम माया वाटली. "मंग तिथं फळ्या कोन वढतं? इचारा ना."

"मशीन वढते म्हनते."

"बरं हाय," हौसा म्हणाली. "मशीन रुसत नाय."

ओटीवर दोघे भाऊ पाठीला पाठ लावल्यासारखे हात धूत होते. त्यांनी ते ऐकलं. महिपतीनं तांब्यातलं उरलेलं पाणी दादाच्या हातावर घातलं.

ऊन कललं तशी बाहेरची खाडी उतरायला लागली. बांधाच्या बाहेरच्या अंगाचा चिखल उघडा पडला, त्यावर निवट्या, चिखलातली बारकी मासळी, उड्या मारायला लागल्या. सगळे उघाडीपाशी जमले. फळ्यांच्या दोन्ही टोकांना दोर बांधले गेले. जाळं लागलं. हैबतराव त्यांच्या अंगाला उभे राहिले, महिपती त्याच्या.

आता एक अडचण होती. दोर एका दमात ओढायचा तर कुणीतरी कुणाला तरी सांगायला हवं. दोघांनीही हौसाकडे बघितलं.

"मी नाय," हौसा म्हणाली. "मी पढवलेली साळुंकी नाय कोनाची."

पाणी फळ्यांना आतून रेटत होतं. टिपणीस टोपणाशी चाळा करत होते.

"महिप्या," हैबतराव म्हणाले, "वढ."

महिपतीनं ओढलं. फळी हलली नाही.

"दादा, तू सैल सोडतंस!"

"मी? तुझा पाय बघ कुठं हाय! कंपनीत खुर्चीवर बसून बसून..."

"खुर्चीवर? तीस वर्षं बॉयलरवर होतो!"

"मंग वढ की बॉयलरवानी!"

तीन वर्षांचं साचलेलं सगळं त्या दोरांवर निघालं. विकायचा हिस्सा निघाला, न केलेला फोन निघाला, आईच्या आजारपणात कोण किती रजा काढून आलं ते निघालं. जमाल सवयीनं थोडं इंग्रजी करत होता, मग त्यानं सोडून दिलं. बाईंना ते तसंही कळत होतं. भांडण रंगलं, पण फळी तसूभर हलली नाही. खालच्या खोबणीत चिखल घट्ट बसला होता.

मालूनं पदर खोचला. जमालच्या हातातली पहार घेतली आणि ती आतल्या अंगानं पाण्यात उतरली. लहानपणी भावांनी दोर धरायचे आणि मालूनं खालचा चिखल फोडायचा, अशीच वाटणी होती. लग्न झाल्यावर तिचं काम कुणाला दिलं गेलं नव्हतं, ते आपोआप बंद पडलं होतं. कमरेएवढ्या पाण्यात वाकून तिनं खोबणीत पहार घातली. एक घाव, दुसरा, तिसरा.

"त्या बाई कोण?" टिपणीसांनी विचारलं. ते मालकांची नावं लिहीत होते.

महिपती म्हणाला, "आमची बहीन. मालक आमी..."

"मालक हाय ती," हैबतराव म्हणाले. दोर हातातच होता. "आमी तिघं. तिचं नाव माझ्याकडनं ऱ्हायलं. ऱ्हायलं म्हंजे... मी घातलं नाय. ते आधी लिवा."

महिपतीनं दादाकडे बघितलं. हिस्से दोनाचे तीन होतात, एवढा हिशेब त्याला क्षणात झाला. मग त्यानं पाण्यात वाकलेल्या बहिणीकडे बघितलं, तिच्या वेणीला चिकटलेल्या शेवाळाकडे बघितलं.

"लिवा," तो म्हणाला. "पन ती पहार थांबवू नको म्हनावं."

"महिप्या, तू आधी ओढ!" मालू खालून ओरडली.

तिघांनी एकदम जोर केला. फळी बाटलीचं बूच निघावं तशी वर आली, दोघे भाऊ दोन बाजूंना उताणे पडले, आणि शेतातली खाडी गर्जना करत तोंडातून बाहेर पडली.

*

पाणी जाताना सगळे बघत राहिले. त्यात करण्यासारखं दुसरं काही नसतं.

आधी मधले बांध वर आले, काळ्या रेघांसारखे. मग त्या रेघांमधून चौकोन दिसायला लागले. मग चौकोनांत खुटं, वीतभर अंतरावर, ओळीनं, जशी आवणीला रोपं लावली होती तशी. बगळ्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि तो कंटाळून खाडीवर निघून गेला. आनेकेबाई चपला काढून चिखलात उतरल्या. त्यांनी एक खूट मुळासकट उपटलं, वास घेतला आणि टिपणीसांकडे दिलं. टिपणीसांनी ते दोन बोटांत धरलं. सरकारी काम करताना हातात चिखल आलेला त्यांना आवडला नसावा, पण त्यांनी ते टाकलं नाही.

जाळ्यात काही बोईट मासे मिळाले, दोन खेकडे आणि एक रबरी चप्पल. जिताडा नव्हता.

टिपणीसांनी बांधावर बसून लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: सदर क्षेत्र भातखाचर असून पाणी मालकांनी उघाडीद्वारे घेतलेले व पाहणीवेळी समक्ष सोडलेले आहे, लगतचे खाचर तसेच, निळ्या क्षेत्रातून वगळावे. बाईंनी खाली सही केली. सोमवारच्या बैठकीला बँकेच्या वतीनं त्याच बसणार होत्या, असं टिपणीस म्हणाले, आणि त्यांनी सांगितल्यावर तिथे कोणी दुसरं काही म्हणत नाही. मग तिघांनी सह्या केल्या. मालूनं पहिली केली, ओल्या हातानं, ठसठशीत.

"म्हंजे झालं?" हैबतरावांनी विचारलं.

"झालं."

"बांधाला माती घालू?"

"घाला की."

हैबतराव हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली, परत काढली. मग महिपतीला म्हणाले, "तुझा हिस्सा इकायचा तर इक. आता निळ्याचा हिरवा झालाय. गिऱ्हाईक येईल."

"आता कशाला इकू," महिपती म्हणाला. "आता माझा हाय."

यात तर्क काय, ते कुणी विचारलं नाही. जमालनं साबिराला फोन लावला आणि "निकल गया, निकल गया, दोनो का" एवढंच तो परत परत सांगत राहिला. हौसानं चहा आणला. सगळे बांधावर पाय सोडून बसले, टिपणीससुद्धा. काम झालं होतं, आणि त्यामुळे कुणालाच काही दिसत नव्हतं. जमाल मस्कतच्या गोष्टी सांगत होता. आनेकेबाई सातवा पापड खात होत्या. सूर्य खाडीवर टेकला.

हौसा कप गोळा करत होती. तिनं सहज उघाडीकडे बघितलं.

पाणी बाहेर जात नव्हतं. ते थांबलं होतं. मग एक काटकी तोंडापाशी जराशी घुटमळली आणि सावकाश आत आली.

"अवो!" हौसा किंचाळली. "फळ्या! भरती वळली!"

त्यानंतर बांधावर जे झालं ते कुठल्याही पाहणी अहवालात येणार नव्हतं. हैबतराव आणि महिपतीनं फळी उचलली, उलटी घातली, शिव्या दिल्या, सुलटी घातली. मालूनं पहारीनं ती ठोकली. जमालनं चिखलाचे गोळे करून द्यायला सुरुवात केली. साहेब बाजूला उभे होते. हौसानं त्यांच्या हातात घमेलं दिलं आणि म्हणाली, "सायब, सोमवारपर्यंत तरी धरा." त्यांनी धरलं. आनेकेबाई तर आधीच गुडघ्यावर बसल्या होत्या आणि फटींमध्ये अंगठ्यानं चिखल भरत होत्या, खिडकीला लांबी भरावी तसा. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जमाल म्हणाला, ती म्हणते तिच्या बापाला असं करताना तिनं बघितलं होतं, मशीन यायच्या आधी.

पाणी फळ्यांना लागलं. एका फटीतून धार आली. महिपतीनं तिच्यावर पाठ टेकवली, हैबतरावांनी महिपतीशेजारी. दोघे खांद्याला खांदा लावून खाडीला पाठ देऊन बसले. मालूनं त्यांच्या दोघांच्या मधे चिखल लिंपला, त्यात महिपतीचा सदराही थोडा लिंपला गेला. धार बारीक झाली, ठिबकली, थांबली.

बाहेर खाडी चढताना ऐकू येत होती.

हौसा बांधावरून खाली उतरली. संधिप्रकाशात ती शेतातून चालत गेली, एक खाचर ओलांडून, दुसरं ओलांडून, पार मधोमध. तिथे उभी राहून तिनं एक पाय आपटून बघितला, मग दुसरा.

"अवो," ती तिथून ओरडली, "पाय नाय बुडत!"